एकशे बेचाळीस मेंढरांचा लोगो

१७ जानेवारी १९९६, सणसर. सकाळी ६.१०

नवी डायरी. खताच्या कंपनीची आहे, प्रत्येक पानाखाली युरियाबद्दल सूचना. पण कागद गुळगुळीत. आजपासून रोज पाचला उठायचं. आज सहा झाले, ते तयारीत धरायचं.

बारामतीच्या उद्योजक शिबिराहून काल परत आलो. पुण्याहून आलेले सर म्हणाले, लोगो म्हणजे धंद्याचा चेहरा. माणूस नाव विसरतो, चेहरा विसरत नाही. अकरा पानं नोट्स काढल्या. बाकीचे जेवायला पळाले तेव्हा मी सरांना गाठून विचारलं की धंदा आधी का लोगो आधी? सर पाणी पीत होते. त्यांनी मान हलवली. म्हणजे लोगो आधी.

धंदा ठरलेलाच आहे. घोंगडी. नाव : लकडे वूलन इंडस्ट्रीज. प्रोप्रायटर : मानसिंग भिवा लकडे. लोकर सासऱ्यांची. वरकुट्याच्या आप्पांची एकशे बेचाळीस मेंढरं आहेत. सूत बायको कातते. बानूसारखं सूत इंदापूर तालुक्यात कुणी कातत नाही, हे मी नवरा म्हणून नाही, उद्योजक म्हणून लिहितोय. विणायला इंदापूरचे तात्या सनगर. गाळा दिवाळीपासून रोडला घेऊन ठेवलाय, कुलूप नवं आहे. थोडक्यात नव्वद टक्के काम झालं. लोगो तेवढा राहिला.

बानू संक्रांतीला माहेरी गेली ती तिकडंच आहे. जाताना म्हणाली की गाळ्याचं कुलूप निघंल तवा मी यीन. कच्च्या मालाकडे तिथं राहून लक्ष देणार असं दिसतं. बायको अशी प्रॅक्टिकल पाहिजे.

१८ जानेवारी

उठायला आठ. थंडी.

२२ जानेवारी. दुपार.

सरांचा नियम नंबर एक : लोगो साधा असावा. एका नजरेत कळावा.

साधं म्हणजे मेंढी. पण नुसती मेंढी काढली तर लोकांना मटणाचं दुकान वाटायचं. म्हणून मेंढीच्या अंगावर घोंगडी पांघरली. आईनं वही बघून विचारलं, मेंढीला थंडी वाजतीया का? तिला समजावलं की हे सूचक आहे. ती म्हणाली, बाजारात तुरी आन् भट भटणीला मारी. आईला कमर्शियल आर्टचा गंध नाही.

२९ जानेवारी

लोगोत भर. उगवता सूर्य, म्हणजे प्रगती. दातेरी चाक, म्हणजे इंडस्ट्री. उसाचं कांडं, कारण सगळं गाव ऊसवालं, त्यांना वगळलं तर उद्या दारात कोण येईल? पृथ्वीचा गोळा, म्हणजे एक्स्पोर्ट. दोन हात हातात घेतलेले, म्हणजे सहकार. त्याशिवाय आपल्या भागात काही चालत नाही.

तरी साधाच दिसतो.

आईनं विचारलं, ह्यात घोंगडी कुठाय? पृथ्वीच्या मागं आहे.

नियम नंबर तीन : लोगो एका रंगातही चालला पाहिजे. मी पाच घेतले. पाचांतला एक तरी चालेलच.

६ फेब्रुवारी. बारामती.

संभाजी पेंटरकडे गेलो. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. मोर म्हणू नका, कमळ म्हणू नका. मेंढी काढ म्हटल्यावर तो जरा वेळ आभाळाकडे बघत बसला. मग काढली. वाघ आला. मी नाराजी दाखवली तर म्हणतो, मालक, मेंढी आजवर कुणी सांगितलीच न्हाय, वाघ समदे सांगत्यात. शेपूट आखूड करायला लावलं. आता बराचसा मेंढीकडे झुकलेला वाघ आहे. दमदार वाटतो. मल्टिनॅशनल कंपन्या येतायत, त्यांच्यापुढे मेंढी दबून दिसली असती. संभाजीला कळत नाही, पण देव त्याच्या हातून करवून घेतो.

१४ फेब्रुवारी. वरकुटे.

लोगो दाखवायला बानूकडे. ती अंगणात लोकर निवडत बसली होती. कागद धरून बघितला, फिरवून बघितला. मग विचारलं की शटरला तेल दिलं का?

तिनं सगळं बोटांवर मोजून सांगितलं. आप्पांची कातरणी मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. तिथून तीन आठवड्यांत सूत आणि विणकाम. घोंगडी पंचवीस. तीन जूनला दुकान उघडायचं, कारण मृगाच्या आधी माणूस घोंगडी घेतो, नंतर नुसतं हात लावून जातो. म्हणाली, नऊ वर्षांची हुते तवापासनं सूत कातती, समदं दुसऱ्याच्या दुकानात गेलं, एकदा आपल्या हातचं आपल्या दारात इकायचं हाय. मग लोकर बाजूला सारून सूत काढायची चाती हातात घेतली. चातीला गिरकी देत राहिली.

हे स्लोगनमध्ये घेता येईल.

दुपारी आप्पांच्या कळपाचा अभ्यास केला. प्रत्येक मेंढीच्या पुठ्ठ्यावर पिवळा पट्टा. विचारलं हे काय? आप्पा म्हणाले, खूण. दोन कळप पाण्यावर एकत्र झाले की आपलं जनावर ओळखू यावं. पिवडी म्हणजे पिवळी माती पाण्यात कालवायची आणि बोटानं ओढायची. लोकर धुतली की निघून जाते. त्यांना नम्रपणे सांगितलं की ह्यात कन्सेप्ट नाही आणि टिकाऊपणा तर मुळीच नाही. आप्पा म्हणाले, व्हय का.

ऐकून घेणारा माणूस.

१५ फेब्रुवारी

परत आलो. बानू आली नाही. शटरला तेल द्यायचं, उद्या नक्की.

३ मार्च

लोगो फायनल. नऊ वस्तू झाल्या. (मध्ये वीज आणि कबुतर वाढलं.) सणसरपासून फाट्यापर्यंत रस्त्यालगतच्या चौदा भिंती हेरून ठेवल्या. नियम नंबर दोन : लोगो दुरून दिसावा. पाडव्याला रंगकामाचा नारळ.

शटरचं तेल : दुकानदार झोपला होता.

२० मार्च. पाडवा. रात्री.

सकाळी संभाजी पेंटर शिडी घेऊन आला. पहिल्या भिंतीवर सूर्याचा अर्धा गोल झाला तोच ग्रामसेवक सायकलवरून हजर. निवडणूक लागली आहे, भिंतीवर चित्र काढायचं नाही. मी म्हटलं ही निशाणी नाही, लोगो आहे. त्यांनी कागद बघितला. म्हणाले, सूर्य हाय, चाक हाय, ऊस हाय, हात हायत, कबुतर हाय, लकडे, तुमी एकटेच समद्या पक्षांकडनं उभं ऱ्हायलाय. अर्धा सूर्य चुन्यानं पुसून घेतला. चुना माझा.

सरकार आणि कला यांचं कधी जमलं नाही. आज पुरणपोळी गोड लागली नाही, तीनच खाल्ल्या.

२१ ते २९ मार्च

खचलो होतो. लिहिलं नाही. आईचं म्हणणं की खचलेला माणूस दहाला उठत नसतो.

३० मार्च. सकाळी ११.

युरेका!

आप्पांचा कळप सणसरला आलाय. ऊस तुटलेल्या रानात मेंढरं बसवली आहेत, लेंडीखतासाठी. शेतकरी बदल्यात धान्य देतो. मी बांधावर उभा होतो, समोर काळीभोर मेंढरं, आणि एकदम डोक्यात प्रकाश पडला. हे तर शाळेतले फळे आहेत! एकशे बेचाळीस चालते-फिरते काळे फळे. आज सणसर, उद्या इंदापूर, परवा भिगवण. भिंत बापजन्मात भिगवणला जाणार नाही.

लगेच ग्रामसेवकांना गाठून विचारलं की मेंढी ही भिंत आहे का? त्यांनी सायकल भिंतीला टेकवली. मग म्हणाले, कायद्यात मेंढीचा उल्लेख न्हाय. हे लेखी मागितलं. देत नाहीत.

२ एप्रिल

योग जुळून आला. आप्पांना भाच्याच्या लग्नाला जतकडे जायचंय, चार दिवस. कळप कुणावर सोडायचा या काळजीत होते. मी पुढं झालो. आप्पा म्हणाले, जावई, सकाळ-संध्याकाळ चारून आणायची, कुत्र्यास्नी भाकर टाकायची, दुसरं काय करायचं न्हाय. मी म्हटलं, निर्धास्त जा. मेंढरांचं कल्याण करतो.

आई म्हणाली, आयजीच्या जिवावर बायजी उदार. संदर्भ कळला नाही.

रंग आणला. इनॅमल ऑइल पेंट. पांढरा, लाल, पिवळा, निळा, हिरवा. डब्यावर छापलंय, ऊन-पाऊस सहन करतो, वर्षानुवर्षं निघत नाही. पिवडीशी तुलनाच नको.

४ एप्रिल

काम सुरू. संभाजीनं पत्र्याचा साचा कापून आणला. मेंढी स्थिर उभी राहत नाही ही एक तांत्रिक अडचण. साचा लावला की ती श्वास घेते आणि पृथ्वी अंड्यासारखी होते. पहिल्या मेंढीला पाऊण तास. नऊच्या नऊ वस्तू स्पष्ट. डोळ्यांत पाणी आलं. (मेंढीच्याही. टर्पेंटाइन असावं.)

दहाव्या मेंढीपासून कबुतर रद्द. विसाव्यापासून चाक आणि सूर्य एकत्र केले. तिसावी झाल्यावर संभाजी म्हणाला, त्याला एक ट्रॉली द्यायची आहे. गेला. साचा नेला. कलावंत मनस्वी असतात.

५ एप्रिल. ६ एप्रिल.

उरलेली एकशे बारा मेंढरं मी स्वतःच्या हातानं केली. साचा नसल्यामुळे हात मोकळा झाला. दोन्ही कुशी आणि पाठ, म्हणजे सगळ्यात मोक्याची जागा. पोटाला आणि पायांना कशाला रंग वाया घालवायचा? शेवटी शेवटी नऊ वस्तूंचा एकच मोठा रंगीत गोळा होत होता. ही शैली जास्त आधुनिक वाटते. साधेपणाचा नियम आपोआप पाळला गेला.

चारायला न्यायचं राहिलं. दोन दिवसांनी काही होत नाही.

७ एप्रिल. संध्याकाळ.

आप्पा आले. मेंढरं कोंडायच्या वाघुरीच्या जाळीपाशी थांबले. आत जाऊन एका मेंढीच्या पाठीवरून हात फिरवला, बोटं नाकाला लावली. मग विचारलं की ह्यो निघतो का? मी छातीवर हात ठेवून सांगितलं, जन्मात नाही.

आप्पा जमिनीवर बसले. भारावून गेले असावेत.

८ एप्रिल. पहाटे.

जाग आली म्हणून रानात चक्कर मारली. आप्पा रॉकेलचा बोळा घेऊन एकेक मेंढी पुसत होते. पॉलिश करत असावेत. मी सांगितलं, गरज नाही, चमक मुळातच आहे. त्यांनी बोळा ठेवला नाही. कामसू माणूस. मेंढरू ओरडत होतं.

१० एप्रिल

लोगोचा परिणाम बघायला रस्त्यावर उभा राहिलो. कळप जाताना एसटी थांबली! लोक खिडक्यांतून बघत होते. एका बाईनं पदर नाकाला लावला. एका गृहस्थांनी विचारलं, कसला रोग आलाय? त्यांना सांगितलं, हा रोग नाही, दर्जाची खूण आहे. ते म्हणाले, म्हणजे सरकारी लस टोचल्याची खूण व्हय? मी फार खोलात गेलो नाही. गिऱ्हाइकाशी वाद घालू नये, नोट्स, पान सात.

११ एप्रिल

अभूतपूर्व! सकाळपासून दारात रांग. गावातले लोक शेळ्या घेऊन आले. आमच्या बी जनावराला खूण करा म्हणतात. मागणी पुरवठ्याच्या आधी आली. तेवीस शेळ्या आणि एक रेडकू रंगवलं. एकानं विचारलं की सुई कुठं टोचता? म्हटलं, आमच्या पद्धतीत सुई लागत नाही. खूष होऊन गेला.

आज बानू इथं हवी होती. गर्दी बघितली असती.

१२ एप्रिल

ज्यांच्या रानात कळप बसणार होता त्या तिन्ही शेतकऱ्यांनी आप्पांना नको म्हणून सांगितलं. रोगट मेंढरं रानात नकोत. गैरसमज आहे, हळूहळू जाईल. आप्पा कळप घेऊन वरकुट्याला परत निघाले. धान्य मिळालं नाही. निघताना माझ्याशी बोलायचं राहून गेलं त्यांचं.

१४ एप्रिल. रविवार. इंदापूरचा बाजार.

आपल्या गावच्या सर्जेराव गोफण्यांनी रंगवलेली शेळी विकायला नेली होती. बाजारात वरकुट्याच्या माणसांनी त्यांचा हात धरला. म्हणाले, ही तर आप्पांच्या कळपाची खूण, शेळी चोरली कुठनं? सर्जेराव स्वतःच्या शेळीसाठी चार तास झाडाखाली बसून होते. शेवटी आप्पांना बोलावून आणलं, त्यांनी शेळी ह्यांचीच म्हणून सांगितलं तेव्हा सुटले.

आठ दिवसांत बाजारभर ओळख! सरांना पत्र लिहून कळवायला हवं. सर्जेराव संध्याकाळी दारात येऊन जे बोलले ते इथं लिहीत नाही. आई घरात होती.

२१ एप्रिल

पुन्हा बाजार. पुन्हा दोघं धरले. आता ज्याला शेळी विकायची त्याला आप्पांना साक्षीला न्यावं लागतं. आप्पांचा आठवड्याचा एक दिवस त्यात जातो. जनसंपर्क वाढतोय.

मी बाजाराच्या दिवशी सोमेश्वरनगरला मावशीकडे जायचं ठरवलंय. प्रकृतीला हवापालट.

८ मे

ग्रामसेवक स्वतः घरी आले. मतदान झालं, भिंती मोकळ्या झाल्या, काढा काय काढायचं ते. मी त्यांना हसून सांगितलं, आम्ही भिंतीच्या फार पुढे गेलो. ते म्हणाले, ते तालुक्याला ठावं हाय.

१० मे. वरकुटे.

कातरणी सुरू. मदतीला गेलो. बानूनं पाण्याचा तांब्या ठेवला आणि लगेच कामाकडे वळली. कामाचा ताण.

रंग लागलेली लोकर पापडासारखी झाली आहे. कातरणाऱ्यांच्या कात्र्या बोथट होतात, शिव्या मात्र धारदार. दोन दिवसांचं काम पाच दिवस चालणार. मी आप्पांना धीर दिला. घोंगडीला चिंचोक्याची खळ देऊन कडक करतातच, इथं ती पायरी आधीच झाली. आप्पा म्हणाले, जावई, तुमी सावलीत बसा.

बसलो.

१४ मे. इंदापूर. दुपारी ३.

पोती घेऊन तात्या सनगरांकडे गेलो. मी, आप्पा, बानू. तात्यांनी पोत्यात हात घातला आणि काढून घेतला. एक गोळा हातावर तोलला, जमिनीवर टाकला. आवाज आला. म्हणाले, ही पिंजायची न्हाय, कातायची न्हाय, ह्याची घोंगडी हुत नसती मानसिंगराव, ह्याचं दार हुईल.

मी लोगोमागचा विचार समजावून सांगायला वही काढली. बानू पोत्यावर बसली होती. पदरानं तोंड झाकून रडत होती. आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. आप्पा तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे होते. मला वाटलं धूळ गेली असेल डोळ्यात, तसं म्हणणारही होतो.

वही पिशवीत ठेवली.

१५ मे

झोप नाही. दोष कुणाचा हे थंड डोक्यानं ठरवलं पाहिजे. १) ग्रामसेवक. भिंत दिली असती तर मेंढी लागली नसती. २) भाच्याचं लग्न. ३) संभाजी पेंटर, साचा नेला. ४) शिबिर. लोगो कुठं काढू नये याची एकही नोट नाही. अकरा पानं तीनदा तपासली.

१७ मे

आईनं वरकुट्याहून बातमी आणली. बानू, तिची आई आणि दोन्ही भावजया कात्र्या घेऊन बसल्या आहेत. रंगाचं सगळं कापून टाकायचं. पोटाची, मानेची, पायाची तेवढी लोकर उरली, आखूड आणि भरड. ती निवडून कातायची. मी निरोप पाठवला की कामाचं शास्त्रीय नियोजन करून द्यायला येतो. उलट निरोप आला की नगं.

२० मे

रंगाच्या कंपनीला मुंबईला रजिस्टर्ड पत्र. तक्रार केली. आपण डब्यावर लिहिलं आहे की रंग निघत नाही. त्याप्रमाणे तो निघत नाही. तरी योग्य ती कारवाई व्हावी.

पोस्टमास्तरांनी वाचून दोनदा मजकूर बरोबर आहे ना विचारलं.

२५ मे

नवा लोगो. आता खरंच साधा. नुसतं एक वर्तुळ. दिवसभर बसलो, वर्तुळ गोल येत नाही. दुपारी बांगडी घेऊन काढायला गेलो. बानूची हिरवी, फडताळात राहिलेली. बांगडी हातात घेऊन बराच वेळ बसून राहिलो. काढलं काहीच नाही.

आई म्हणाली, जेव.

२९ मे

नोट्स चुलीत घातल्या. दहा पानं. अकराव्यावर सरांचा पत्ता आहे, तो असू दे.

१ जून. सकाळी ५.

पाचला उठलो. शटरला तेल दिलं. सात मिनिटांचं काम होतं.

कुलूप काढलं. दिवाळीपासून पहिल्यांदा. आत उंदरांची लेंडी, एक मेलेली पाल, कोळ्यांची जाळी. झाडून, सारवून, दाराला आंब्याचा टहाळा बांधला. मग वरकुट्याला जाणाऱ्या दूधवाल्याबरोबर निरोप दिला : कुलूप निघालं आहे.

संध्याकाळी दूधवाला उत्तर घेऊन आला. बानूनं विचारलंय, आत काय हाय?

आत मी होतो. तसं सांगायला सांगितलं. दूधवाला म्हणाला, हे मी सांगणार न्हाय, तुमीच सांगा.

३ जून १९९६. वरकुटे.

सहाच्या एसटीनं आलो. आप्पांच्या दारात दोन खांबांना दोर बांधून त्यावर नऊ घोंगडी टाकलेली. नुसती घोंगडी. पाटी नाही, रंग नाही. समोर माणसांची रांग. वरकुट्याची, इंदापूरची, सणसरचीसुद्धा होती. सर्जेराव गोफणे होते, त्यांनी मला बघून तोंड फिरवलं.

एवढी पब्लिसिटी कशी झाली असेल, असा विचार केला आणि उत्तर मनात तयार झालं. खात्री करायला पुढच्या म्हाताऱ्याला विचारलं की तुम्हाला कुठं कळलं? तो म्हणाला, कळायचं काय त्यात, बानूचं सूत हाय, धा वर्सं दुसऱ्याच्या दुकानातनं घेत हुतो. मी विचारलं, मेंढ्यांवरची खूण बघून नाही का आलात? म्हाताऱ्यानं कपाळाला हात लावला. म्हणाला, ती बघून न्हवतंच येणार, पर बायकू म्हनली पोरीचं नुकसान झालंय, जाऊन तर बघा.

रांगेत उभा राहिलो. सतरावा. नऊच्या आत नऊही घोंगडी संपली. रांग मोडली नाही. बानू शाळेच्या वहीत पुढच्या कातरणीसाठी नावं लिहून घेत होती. मी तिला इतक्या लोकांत बोलताना कधी बघितलं नव्हतं. प्रत्येकाला स्वतःहून सांगत होती, ह्या खेपंची लोकर भरड हुती, फुडची चांगली यील. खोटं बोलली नाही कुणाशी. मला अभिमान वाटला. हा कशाचा म्हणून वाटला ते कळेना, कारण ह्यात माझं काहीच नव्हतं.

माझी पाळी आली. तिनं वर न बघता विचारलं की नाव?

म्हटलं, बानू, मला घोंगडी नको. तुला न्यायला आलोय. गाळा झाडलाय. तेल दिलंय. मी परत काय काढणार नाही, लोगो नाही, वर्तुळ नाही, भिंतीवर रेघसुद्धा नाही. आवाज जरा मोठा झाला असावा, सगळी रांग वळून बघायला लागली. आप्पा ओसरीवर होते, ते उठून आत गेले.

तिनं वर बघितलं. चिडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, माणसं खोळंबल्यात, नाव सांगा.

मानसिंग भिवा लकडे. राहणार सणसर.

तिनं लिहून घेतलं. पूर्ण, गावासकट. आठवा नंबर. मी विचारलं, कधी? म्हणाली, दिवाळीच्या कातरणीला बघू.

घोंगडीचं म्हणाली का स्वतःचं, हे विचारायचं राहिलं. मागचा माणूस ढकलत होता.